जैसलमेरचे स्थलदर्शन : काही वास्तू, काही शब्द

प्रवासी स्थळांचे वर्णन हा विषय ललित लेखकांचा. विद्यापीठीय विभागाच्या पत्रिकेत त्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, काही नगरे केवळ डोळ्यांनी पाहून पुरती दिसत नाहीत; त्यांतील वस्तूंची नावे ठाऊक असावी लागतात. थरच्या वाळवंटातील जैसलमेर हे असे एक नगर होय. तेथील किल्ला, हवेल्या, तलाव व वाळूचे डोंगर दरवर्षी लाखो लोक पाहतात. परंतु ज्या शब्दांच्या आधाराने हे नगर वाळवंटात आठ शतकांहून अधिक काळ टिकले, ते शब्द फारच थोड्या प्रवाशांच्या कानी पडतात. प्रस्तुत लेखात जैसलमेरमधील आणि आसपासच्या प्रमुख स्थळांचा परिचय त्या शब्दांच्या द्वारे करून द्यावयाचा आहे. अभ्यासाच्या निमित्ताने तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांस त्याचा उपयोग व्हावा, असा हेतू आहे.

१. नगराचे नाव आणि ‘ळ’काराचा प्रश्न

भाटी राजपुतांची राजधानी पूर्वी लोद्रवा येथे होती. रावळ जैसल याने ती सोडून तेथून सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावरील त्रिकूट नावाच्या टेकडीवर नवा किल्ला बांधण्यास प्रारंभ केला. हा काळ परंपरेने विक्रम संवत् १२१२, म्हणजे इ. स. ११५६ हा मानला जातो. ‘जैसलमेर’ या नावातील ‘मेर’ म्हणजे ‘मेरु’, अर्थात पर्वत. अजमेर, बाडमेर, कुंभलमेर या नावांतही हेच उत्तरपद आहे. जैसलचा मेरु तो जैसलमेर. आजूबाजूच्या सपाट प्रदेशातून केवळ सुमारे अडीचशे फूट उंच असलेल्या टेकडीला मेरूची पदवी मिळावी, यात वाळवंटातील माणसाची उंचीविषयीची जाणीव व्यक्त झाली आहे.

स्थानिक लोकांच्या तोंडी मात्र हे नाव ‘जैसळमेर’ असे ऐकू येते. मराठी अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’काराचा ‘ळ’ होणे आणि द्वित्त ‘ल्ल’चा ‘ल’ राहणे, हा नियम मराठी, गुजराती आणि राजस्थानी या तिन्ही भाषांत सारखाच लागू पडतो. ‘फल’पासून ‘फळ’, परंतु ‘तैल’, प्राकृत ‘तेल्ल’, त्यापासून ‘तेल’. प्रमाण हिंदीत हा ध्वनी नाही. म्हणून जैसलमेरमधील हिंदी पाट्यांवरून तो नाहीसा झाला आहे, बोलण्यात मात्र टिकून आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात या भागाच्या बोलीला ‘थळी’ असे नाव दिले आहे. ते ‘स्थली’पासून आलेले आहे, हे सांगावयास नकोच. आपल्या कोकणातील ‘थळ’ हे ग्रामनाम वाचकांच्या परिचयाचे आहे.

२. किल्ला

किल्ल्यावर जाणारा चढ एकामागून एक अशा चार दरवाजांतून जातो : अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ. पाटीवर ‘पोल’ असे लिहिलेले असल्यामुळे हिंदी जाणणाऱ्यास त्यात पोकळपणा दिसतो आणि इंग्रजी जाणणाऱ्यास खांब. शब्द मात्र ‘पोळ’ आहे. संस्कृत ‘प्रतोली’, प्राकृत ‘पओली’, आणि त्यापासून ‘पोळ’, असा त्याचा सरळ क्रम आहे. अहमदाबादेत हाच शब्द दरवाजा असलेल्या गल्लीला आणि पुढे त्या गल्लीतील संपूर्ण वस्तीला लावला गेला. जैसलमेरला तो मूळ अर्थाने, म्हणजे वेशीच्या दरवाजासाठी, कायम राहिला आहे.

चौथा दरवाजा ओलांडल्यावर आपण दसरा चौकात येतो. समोर राजवाडा आहे आणि त्याच्या मागे अरुंद गल्ल्यांचे दाट जाळे पसरलेले आहे. किल्ल्यास नव्याण्णव बुरूज असल्याचे सांगतात. भिंतीचा दगड पिवळा असून संध्याकाळी तो सोन्यासारखा दिसतो. सामान्य वर्णनांत त्याला वालुकाश्म म्हटले जाते, परंतु जैसलमेरचा हा प्रसिद्ध पिवळा दगड भूशास्त्रदृष्ट्या ज्युरासिक काळातील चुनखडक आहे. ‘सोनार किला’ हे नाव आज दुकानांच्या पाट्यांवरही दिसते. त्याच्या प्रसारास सत्यजित राय यांचा १९७४ सालचा बंगाली चित्रपट मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला. एखाद्या स्थळाचे लोकप्रिय नाव दूरच्या भाषेतून येऊन तेथे रुजते, याचे हे चांगले उदाहरण होय. युनेस्कोने २०१३ साली राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत जैसलमेरचा समावेश आहे.

या किल्ल्याचे वैशिष्ट्य असे की, तो अद्याप वसता आहे. काही हजार लोक तेथे राहतात. आणि त्याच्यापुढील संकटही याच गोष्टीशी निगडित आहे. त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

३. ग्रंथभांडार

किल्ल्यातील जैन मंदिरे कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या विषयाच्या अभ्यासकास मात्र त्यांतील संभवनाथाच्या मंदिराखालील तळघर अधिक महत्त्वाचे आहे. पंधराव्या शतकात जिनभद्रसूरींनी व्यवस्था लावलेले ताडपत्री ग्रंथांचे भांडार तेथे आहे. जॉर्ज ब्यूलर आणि हर्मन याकोबी यांनी १८७४ साली येथे येऊन या संग्रहाची पाहणी केली. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत येथील हस्तलिखितांची सूची १९२३ साली प्रसिद्ध झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मुनी पुण्यविजयजींनी या संग्रहाची नव्याने मांडणी केली.

या भांडाराशी मराठीचा एक विशेष ऋणानुबंध आहे. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे रचलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात एका बाजाराचे वर्णन आहे. निरनिराळ्या देशांचे व्यापारी तेथे आपापल्या बोलीत बोलतात. त्यांत महाराष्ट्रातील व्यापाऱ्याच्या तोंडी लकारयुक्त भूतकालवाचक रूपे घातलेली आहेत. मराठीच्या ‘दिले’, ‘घेतले’ या रूपांच्या इतिहासात या पुराव्यास किती मोल आहे, हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. त्याच बाजारात मरुदेशीचा व्यापारीही आपल्या बोलीत बोलतो. या ग्रंथाच्या दोन हस्तलिखितांपैकी कागदी प्रत पुण्यास भांडारकर संस्थेच्या संग्रहात असून दुसरी, ताडपत्री प्रत जैसलमेरची आहे. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या दोन्ही प्रतींच्या आधारे सिद्ध केलेली संहिता १९५९ साली सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली.

ताडपत्राचा शत्रू दमट हवा. जैसलमेरला वर्षभरात पडणारा पाऊस सरासरी दोनशे मिलीमीटरही भरत नाही. कोरडी हवा, बंदिस्त तळघर आणि किल्ल्याचे संरक्षण या तिहींमुळे हे ग्रंथ वाचले. पावसाचा अभाव हे या नगराचे दुर्दैव समजले जाते. भाषेच्या इतिहासकारास मात्र तेच वरदान ठरले आहे.

४. हवेल्या

किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या शहरात तीन प्रमुख हवेल्या आहेत. पटव्यांची हवेली ही वास्तविक पाच हवेल्यांची रांग होय. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याच्या कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ती बांधवली. ‘पटवा’ हा शब्द ‘पट्ट’ म्हणजे रेशीम यापासून आलेला असून रेशमी धाग्यात दागिने ओवणाऱ्या कारागिराचा तो वाचक आहे. आपल्याकडील ‘पटवेकरी’ हाच शब्द. व्यापार वाढून घराणे सावकारी करू लागले, तरी नावात धागा राहिला. सालिमसिंह या दिवाणाची हवेली खालून निमुळती व वरच्या मजल्यास रुंद होत जाणारी आहे. नथमल या दिवाणाच्या १८८५ सालच्या हवेलीचे दोन भाग हाथी आणि लालू या दोन भावांनी घडविले, असे सांगतात. दोन्ही बाजू प्रथम सारख्याच वाटतात, पण नीट पाहिल्यास त्यांतील नक्षी भिन्न असल्याचे ध्यानी येते.

या हवेल्यांमागील संपत्ती सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर उभी होती. मुंबई बंदराचा उत्कर्ष झाल्यावर हा व्यापार ओसरला, आणि १९४७ सालच्या फाळणीने तो मार्गच बंद केला.

५. गडीसर : तलावाची परिभाषा

शहराच्या आग्नेयेस असलेला गडीसर तलाव चौदाव्या शतकात रावळ घडसी याने बांधविला अथवा पुन्हा खोदविला. तलावाचे नाव त्याच्यावरूनच पडले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शहराची तहान मुख्यतः हाच तलाव भागवीत असे. काठावर ‘टीलों की पोळ’ नावाचा देखणा दरवाजा आहे. टीलों नावाच्या गणिकेने तो बांधविला. राजघराण्यास हे रुचणार नाही म्हणून तिने त्यावर श्रीकृष्णाचे मंदिर स्थापले आणि दरवाजा पाडणे अशक्य करून ठेवले, अशी आख्यायिका आहे. आज तेथे नौकाविहार चालतो आणि हिवाळ्यात पाणपक्षी येतात.

तथापि गडीसरची खरी रचना पाण्याच्या बाहेर आहे. तलावाच्या प्रत्येक भागास मारवाडीत स्वतंत्र शब्द आहे. ज्या विस्तीर्ण उतारावरून पावसाचे पाणी वाहत येते, तो ‘आगोर’. पाणी जेथे साठते, तो ‘आगर’. त्यास अडविणारा बांध ती ‘पाळ’. मराठीतही आपण ‘तळ्याची पाळ’ म्हणतो. तलाव भरल्यावर जास्तीचे पाणी पाळीस धक्का न लावता जेथून निघून जाते, तो ‘नेष्टा’. गडीसरच्या नेष्ट्यातून निघालेले पाणी वाया न जाता पुढील तलावांत उतरत असे. अशी तलावांची एक मालिकाच रचलेली होती.

प्रस्तुत लेखकाने तलावाकाठच्या एका तरुण मार्गदर्शकास आगोर कोठे आहे असे विचारले, तेव्हा त्याने हा शब्दच ऐकला नव्हता. जवळच बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी मात्र हाताने पूर्वेकडचा सारा माळ दाखविला, आणि तेथे पूर्वी जोडे घालून जाण्याचीही बंदी होती असे सांगितले. हा प्रसंग लहान असला तरी अर्थपूर्ण आहे. ‘तलाव’ हा शब्द ज्याच्याजवळ आहे त्यास पाणी दिसते. ‘आगोर’ हा शब्द ज्याच्याजवळ आहे, त्यास ते पाणी येते कोठून हेही दिसते, आणि ती जमीन स्वच्छ व मोकळी राखण्याचे कर्तव्य त्या शब्दाबरोबरच त्याच्याकडे येते.

६. कुंई, खडीन आणि कुलधरा

पाण्याचे तीन प्रकार येथील लोक मानतात : पावसाचे थेट मिळणारे ते ‘पालर’ पाणी, भूगर्भातील खोल आणि बहुधा खारे ते ‘पाताळ’ पाणी, आणि या दोहोंमधले ते ‘रेजाणी’ पाणी. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ (१९९५) या पुस्तकात या वर्गीकरणाचे सुंदर विवेचन केले आहे. वाळूखाली काही ठिकाणी खडियेचा, म्हणजे जिप्समचा, थर असतो. तो पावसाच्या ओलाव्यास खाली खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. थर आणि वाळू यांच्यामध्ये अडकून राहिलेला हा ओलावा म्हणजेच रेजाणी पाणी. ते मिळविण्यासाठी खणलेली अत्यंत अरुंद विहीर ती ‘कुंई’. हे ‘कुओ’ या पुल्लिंगी शब्दाचे स्त्रीलिंगी रूप आहे. मराठीत ‘दोर’ व ‘दोरी’, ‘लोटा’ व ‘लोटी’ या जोड्यांत लिंगभेदाने जसा आकारभेद दाखविला जातो, तसाच तो येथे दाखविला आहे. पण कुंईचा लहानपणा केवळ व्यासाचा आहे, खोलीचा नव्हे. थेंबाथेंबाने झिरपणारे पाणी रुंद तळावर पसरून सुकू नये, म्हणून तोंड व तळ दोन्ही अरुंद ठेवतात. व्याकरणातील प्रत्ययात येथे स्थापत्याचा नियम सामावलेला आहे.

पावसाचे पाणी घराघरांतून ज्या भूमिगत हौदात साठवितात तो ‘टांका’. महाराष्ट्रातील गडांवरील ‘टाके’ मराठी वाचकास लगेच आठवेल. मारवाडातला टांका मात्र बहुधा बांधलेला असतो, तर सह्याद्रीतले टाके खडकात खोदलेले.

पश्चिमेस सुमारे अठरा किलोमीटरवर कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे ओसाड गाव आहे. सालिमसिंहाच्या जुलमास कंटाळून एकाच रात्री चौऱ्याऐंशी गावे उठून गेली आणि जाताना शाप देऊन गेली, असे सांगितले जाते. प्रवासी तेथे भुताखेताच्या गोष्टींसाठी जातात. अभ्यासक मात्र पाण्याची टंचाई, जाचक कर, भूकंप अशी विविध कारणे सुचवितात, आणि वस्ती एका रात्रीत नव्हे तर हळूहळू उठली असावी असेही काहींचे मत आहे. सरळ रस्ते, चौकांची आखणी आणि पडक्या घरांच्या रांगा पाहिल्यावर प्रश्न पडतो की, असे गाव या भूमीत पोसले कसे गेले? त्याचे उत्तर ‘खडीन’ या शब्दात आहे. खडकाळ उताराच्या खालच्या अंगास लांब मातीचा बांध घालावयाचा; पावसाचे पाणी तेथे साचून जमिनीत मुरू द्यावयाचे; आणि पाणी ओसरल्यावर त्याच ओलीवर गहू अथवा हरभरा पेरावयाचा, अशी ही पद्धत आहे. सोलापूर-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातील शेतांच्या ताली याच विचारातून आल्या आहेत. या पद्धतीचे श्रेय परंपरा पालीवालांना देते. पालीवाल गेले, परंतु जैसलमेर जिल्ह्यात खडीने आजही पेरली जातात. कुलधऱ्यास जाणाऱ्याने परतताना एखादे खडीन अवश्य पाहावे.

७. धोरे, ओरण आणि माळढोक

पश्चिमेस चाळीस किलोमीटरवरील सम आणि नैर्ऋत्येकडील खुडी येथे वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांना ‘धोरा’ म्हणतात. सूर्यास्ताच्या वेळी उंटावर बसून त्या पाहण्याची प्रथा आहे. उंटिणीस येथे ‘सांढ’ म्हणतात. पेशवेकालीन कागदांतील ‘सांडणीस्वार’ याच शब्दाच्या नात्यातला. रात्री तंबूंमध्ये मांगणियार कलावंतांचे गायन होते. ‘मांगणियार’ हा शब्द ‘मांगणो’, म्हणजे मागणे, या क्रियापदाशी जोडला जातो. धर्माने मुसलमान असलेले हे गायक पिढ्यान् पिढ्या राजपूत यजमानांच्या जन्म-विवाहादी प्रसंगी गात आले आहेत. ‘कमायचा’ हे त्यांचे खास तंतुवाद्य होय. जैसलमेर भागाचे जुने नाव ‘माड’. मराठी रंगभूमीवरून परिचित झालेल्या ‘मांड’ रागाचे नाव त्यावरूनच आले असे मानले जाते. माघी पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या मरु महोत्सवातही हे संगीत ऐकावयास मिळते. बाडमेर रस्त्यावरील आकल येथे ज्युरासिक काळातील अश्मीभूत वृक्षांचे ओंडके उघड्यावर पडलेले आहेत. वाळवंटाच्या जागी एके काळी अरण्य होते, याची ती साक्ष होय.

परंतु या परिसरातील सर्वांत महत्त्वाचा शब्द कोणत्याही मार्गदर्शिकेत ठळकपणे आढळत नाही. तो म्हणजे ‘ओरण’. देवाच्या अथवा लोकदैवताच्या नावाने राखलेले, जेथे झाड तोडावयाचे नाही असे गवताळ रान म्हणजे ओरण. आपल्या देवराईचे हे वाळवंटी रूप. या शब्दाचा संबंध ‘अरण्य’ या शब्दाशी जोडला जातो. आपला ‘रान’ही त्याच ‘अरण्या’पासून आलेला आहे. ओरणात गुरे चरतात, पाणी मुरते, आणि गोडावण हा पक्षी वावरतो. गोडावण म्हणजे आपला माळढोक. ‘माळ’ हा त्याचा अधिवास मराठीने त्याच्या नावातच नोंदविला आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य करण्यात आले, तरी महाराष्ट्रातून तो जवळजवळ नाहीसा झाला. त्याची उरलेली संख्या आज मुख्यतः जैसलमेर जिल्ह्यातच आहे.

लोकांच्या तोंडी जे ओरण, त्यांतील अनेक ठिकाणांची नोंद महसुली दप्तरात ‘पडीक जमीन’ अशी झाली. पडीक जमीन दुसऱ्या कामास देता येते. त्यामुळे यांपैकी काही जमिनींवर सौर व पवन ऊर्जेचे प्रकल्प आले, आणि विजेच्या तारांवर आदळून गोडावण मेल्याच्या घटना घडल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील अशा देवरानांची पाहणी करून त्यांची वन म्हणून नोंद करण्याचा आदेश दिला. एक शब्द दप्तरात नसल्यामुळे जमीन जाते, आणि तो शब्द दप्तरात यावा म्हणून न्यायालयात जावे लागते! अर्थविचार हा केवळ कोशकारांचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

८. समारोप

आता किल्ल्याकडे परत येऊ. जोपर्यंत पाणी खालून घागरींनी वर आणावे लागत होते, तोपर्यंत ते जपून वापरले जाई आणि सांडपाणी अल्प असे. नळाने पाणी आले, लोकवस्तीबरोबर प्रवाशांसाठी निवासगृहे वाढली, आणि सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरू लागले. टेकडीतील मऊ थर भिजले, बुरूज खचले. १९९६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने या किल्ल्याचा समावेश संकटग्रस्त वास्तूंच्या आपल्या यादीत केला. ऑगस्ट २०२४ मधील पावसात तटबंदीचा काही भाग ढासळला. इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याने या प्रदेशातील माणसांचे कष्ट कमी केले, हे निर्विवाद होय. घागर वाहण्याचे दिवस परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे सांगणारे ‘आगोर’ व ‘नेष्टा’ हे दोन शब्द व्यवहारातून गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्या नळास व मोरीस तितकी काटेकोर व्यवस्था लाभली नाही. ज्या कोरडेपणाने ‘कुवलयमाले’ची ताडपत्रे जपली, तोच आज त्या टेकडीतून नाहीसा होऊ पाहत आहे.

म्हणून जैसलमेरला जाणाऱ्या विद्यार्थ्यास दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, मुक्काम किल्ल्यात न करता खालच्या शहरात करावा. टेकडीवरील पाण्याचा भार तेवढाच कमी होईल. दुसरी, जवळ एक वही ठेवावी आणि भेटेल त्या वृद्ध गुराख्यास, गवंड्यास व पाणी भरणाऱ्या स्त्रीस त्यांच्या वस्तूंची नावे विचारून ती ‘ळ’कारासह तंतोतंत लिहून घ्यावी. बुरूज सावरणे हे अभियंत्यांचे काम आहे. शब्द सावरण्याचे काम मात्र आपल्या विभागाचे आहे, आणि ते आणखी एका पिढीने करावयाचे ठरविल्यास सांगणारे कोणी उरणार नाही.